जेम्स जॅक्सनचा कालपट : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

लेक यंदा आठवीत. अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात आठवीला राज्याचाच इतिहास असतो आणि त्यात १७९५चा यझू जमीन घोटाळा येतो (आमदारांना वाटे देऊन राज्याची पश्चिमेकडची जमीन कंपन्यांना विकली गेली तो). मराठी शाळेचं मार्चमध्ये प्रदर्शन आहे. आठवीच्या मुलांनी इथल्या इतिहासातला एक माणूस निवडायचा, त्याची कारकीर्द भिंतीवर मांडायची आणि बघायला येणाऱ्यांना ती मराठीतून सांगायची, असं ठरलंय. आम्ही जेम्स जॅक्सन घेतला. जॉर्जियाचा गव्हर्नर, दोन वेळा सिनेटर, आणि यझूचा व्यवहार मोडीत काढणारा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला अँड्र्यू जॅक्सन नव्हे. हे वाक्य मार्चपर्यंत रोज म्हणावं लागणार असं दिसतंय.

पुढच्या वर्षी ज्यांची मुलं आठवीत येतील त्यांच्यासाठी या नोंदी. काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं, तेवढंच लिहीन.

सामान: खाकी कागदाची गुंडाळी १८ डॉलर, फोमबोर्डचे सहा ताव २४ डॉलर. टाचण्या, पट्टी, कटर घरचे.

११ जानेवारी

पहिला आराखडा बाद. नवऱ्याने उत्साहात फोमबोर्डच्या पायऱ्या कापल्या होत्या. खालच्या पायरीवर राज्याचं विधिमंडळ, वर प्रतिनिधीगृह, त्यावर सिनेट, सगळ्यात वर गव्हर्नर. पायऱ्या दिसायला सुरेख झाल्या. मग लेकीने सनावळीच्या चिठ्ठ्या लावायला घेतल्या आणि चिठ्ठ्या जिन्यावर बसेनात.

बघा कसं आहे. जानेवारी १७८८मध्ये विधिमंडळाने याला गव्हर्नर निवडलं. वय तीस. ‘माझं वय कमी, अनुभव नाही’ म्हणून त्याने पद नाकारलं. म्हणजे सगळ्यात वरची पायरी सगळ्यात आधी आली, आणि तिच्यावर पाऊलही पडलं नाही. १७८९ ते १७९१ पहिल्या काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) प्रतिनिधीगृहात. १७९१ला पराभव. १७९३ला सिनेट. १७९५ला सिनेटचा राजीनामा देऊन राज्याच्या विधिमंडळात, म्हणजे थेट तळाच्या पायरीवर. १७९८ला गव्हर्नर. १८०१ला पुन्हा सिनेट, आणि १९ मार्च १८०६ला सिनेटर असतानाच वॉशिंग्टनमध्ये मृत्यू.

जिना चढायचा असतो हे आपलं आजचं गृहीतक. त्या काळी जॉर्जियाचं विधिमंडळच गव्हर्नर निवडायचं आणि तेच सिनेटरही निवडायचं. सिनेटर थेट लोकांच्या मतांनी निवडले जाऊ लागले ते १९१३च्या घटनादुरुस्तीनंतर. दोन्ही पदं एकाच खोलीतून वाटली जात असतील तर त्यांत वरचं कुठलं? आणि ती खोलीच ताब्यात घ्यायची असेल तर सिनेट सोडून तिथे जाऊन बसणं यात उतरणं कसलं?

फोमबोर्डचे चार ताव गेले. दुपार गेली ती वेगळी.

१२ जानेवारी

नवा आराखडा. खाकी कागद आडवा, त्यावर दोन समांतर पट्टे. वरचा पट्टा ‘राज्य’, खालचा ‘संघराज्य’. मुद्दाम राज्य वर ठेवलंय. लाल लोकर टाचण्यांना गुंडाळत डावीकडून उजवीकडे न्यायची. माणूस जिथे असेल त्या पट्ट्यात लोकर जाते. एका वर्षाला चार इंच. १७७२ ते १८०६ म्हणजे चौतीस वर्षं, एकशे छत्तीस इंच, अकरा फुटांच्या थोडं पुढे. गुंडाळीतून बारा फूट कापले.

१७७२ पासून, कारण त्या साली तो जॉर्जियातल्या सव्हाना शहरात आला. जन्म २१ सप्टेंबर १७५७चा, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, मोर्टनहॅम्पस्टेड गावी. जॉन वेरीट नावाच्या वकिलाच्या छत्राखाली पंधराव्या वर्षी पोरगा एवढा समुद्र ओलांडून आला. बालपणाची पंधरा वर्षं पाच फूट कागद खातात आणि सांगायला काहीच नसतं. ती काढून टाका. कुणाचाही कालपट करत असाल तर हे आधीच करा.

लोकरीच्या दोन गुंड्या, लाल आणि निळी, ५ डॉलर.

१८ जानेवारी

चित्राचा घोळ. नाव टाकून चित्रं शोधली की अँड्र्यू जॅक्सन येतो हे माहीत होतं. पण दुसरा सापळा घरातलाच निघाला. आपल्या जॅक्सनचा नातू, त्याचंही नाव जेम्स जॅक्सन (१८१९ ते १८८७), तोही काँग्रेसमध्ये जॉर्जियाचा प्रतिनिधी आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश. ९ डॉलर देऊन छापून आणलेलं चित्र घरी आल्यावर नीट बघितलं तर फोटो होता. १८०६ साली वारलेल्या माणसाचा फोटो! तो गठ्ठ्यात गेला. चित्र घेताना आधी ते कोरीव छाप आहे की फोटो हे बघा, मग पैसे द्या.

तारखांसाठी काँग्रेसचा चरित्रकोश वापरला; पदांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा तिथे नेमक्या मिळतात. स्वातंत्र्ययुद्धाची वर्षं आम्ही तीन चिठ्ठ्यांत उरकली. जानेवारी १७८१ची काउपेन्सची लढाई, त्याच वर्षी ऑगस्टाचा वेढा, आणि ११ जुलै १७८२, ज्या दिवशी इंग्रजांनी सव्हाना सोडलं. शहराच्या किल्ल्या घेण्याचा मान जनरल अँथनी वेनने जॅक्सनला दिला. वेनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१७८०मध्ये जॉर्ज वेल्स या राज्यातल्या बड्या पुढाऱ्याला त्याने द्वंद्वात ठार केलं आणि स्वतःही गुडघ्यांत गोळ्या खाल्ल्या. लेकीला ही चिठ्ठी सगळ्यात मोठी हवी होती. नेहमीच्याच आकाराची ठेवली.

१७९३ ते ९५चा सिनेटचा तुकडा मात्र ओकाबोका दिसतोय. प्रतिनिधीगृहातली त्याची भाषणं पानंच्या पानं मिळतात, सिनेटमधलं जवळजवळ काही नाही. कारण सापडलं. तेव्हा सिनेटचं कामकाज बंद दाराआड चालायचं. लोकांसाठी सज्जा उघडला तो डिसेंबर १७९५मध्ये. तोवर हा राजीनामा देऊन जॉर्जियात परतलेला. त्या जागी रिकामी चौकट ठेवून ‘दार बंद’ एवढंच लिहिलंय. माहिती नाही म्हणून जागा गाळू नका. ती का नाही हे लिहिलं की मुलं तिथेच थांबून प्रश्न विचारतात.

२५ जानेवारी

आजची संध्याकाळ फक्त आठ इंचांवर गेली. १७९१ आणि १७९२.

१७९१च्या निवडणुकीत जॅक्सन हरला, आणि हरवणारा कोण, तर अँथनी वेन. किल्ल्यांचा मान देणारा तोच. वेनचा प्रचार थॉमस गिबन्स नावाचा सव्हानाचा वकील बघत होता. (हाच गिबन्स पुढे न्यूयॉर्कच्या आगबोटींच्या गाजलेल्या खटल्यात येतो.) मतमोजणीत गडबड झाली होती. कॅमडेन काउंटीच्या निकालात ढवळाढवळ केल्याबद्दल हेन्री ऑस्बर्न या न्यायाधीशाला राज्याने महाभियोग चालवून काढलं. जॅक्सनने प्रतिनिधीगृहात दाद मागितली आणि स्वतःची बाजू स्वतः मांडली. मार्च १७९२मध्ये सभागृहाने ठरवलं की वेन रीतसर निवडून आलेला नाही.

इथवर सरळ. आता जागा जॅक्सनला द्यायची का? मतं समसमान पडली, सभापती जोनाथन ट्रंबल यांनी विरोधात कौल दिला आणि जागा रिकामी ठरली. पोटनिवडणुकीत जॅक्सनचा मित्र जॉन मिलेज आला. वेनला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्याच वसंतात सैन्याचा सेनापती केलं. म्हणजे नुकसान कुणाचं झालं, तर ज्याने खटला जिंकला त्याचंच.

अडचण अशी की लोकर कुठे न्यायची? तो कुठल्याच पदावर नाही, पण फिलाडेल्फियात, देशाच्या तेव्हाच्या राजधानीत, सभागृहासमोर उभा आहे. शेवटी लोकर दोन पट्ट्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत लोंबती ठेवली. लेकीला ही युक्ती इतकी आवडली की ती आता प्रत्येक ठिकाणी लोंबवायला बघते.

टाचण्या फोमबोर्डशिवाय कागदावर उभ्या राहत नाहीत. वाया गेलेल्या पायऱ्यांच्या पट्ट्या कापून मागून चिकटवल्या. चार तावांपैकी दोन असे वसूल झाले.

१ फेब्रुवारी

नकाशा. सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे गेला.

यझूचा व्यवहार आधी दोन ओळींत. जॉर्जिया तेव्हा पश्चिमेला मिसिसिपी नदीपर्यंत हक्क सांगायची. ७ जानेवारी १७९५ला गव्हर्नर जॉर्ज मॅथ्यूज यांनी सही केली आणि आजच्या अलाबामा-मिसिसिपीचा मोठा भाग चार कंपन्यांना ५ लाख डॉलरला विकला गेला. बाजूने मत देणाऱ्या आमदारांपैकी जवळजवळ सगळ्यांना कंपन्यांचे वाटे मिळाले होते. कंपन्यांसाठी धडपडणारा मुख्य माणूस जेम्स गन, जॉर्जियाचाच दुसरा सिनेटर, म्हणजे जॅक्सनचा सहकारी. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सनही गुंतवणूकदारांत होते.

क्षेत्रफळावर अडकलो. कुठे साडेतीन कोटी एकर, कुठे चार, कुठे पाच. आम्ही साडेतीन धरले, कारण कमीत कमी एवढे तरी नक्की. हिशेब केला तर एकरी दीड सेंटसुद्धा पडत नाही. साडेतीन कोटी एकर म्हणजे सुमारे १ लाख ४१ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मा महाराष्ट्र. त्याच प्रमाणात महाराष्ट्राचा आकार कापून शेजारी लावायचं ठरलं, आपल्या प्रेक्षकांना तेच पटकन कळणार.

प्रमाण एका इंचाला तीस मैल. छापून आणलं, ३१ डॉलर. घरी पट्टी लावली तर प्रमाण जुळेना. दुकानातल्या यंत्राने ‘पानात बसवा’ म्हणत नकाशा आपोआप बारीक केला होता. महाराष्ट्र मात्र घरी कापलेला, बरोबर मापाचा. पुन्हा छपाई, पुन्हा ३१. नकाशावर एक इंचाची रेघ छापून घ्या आणि दुकानातच मोजा.

आमचे सासरे सध्या इथे आलेत. साताऱ्याकडे तलाठी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आत्तापर्यंत ते या सगळ्याकडे लांबून बघत होते. आज नकाशा अंथरल्यावर चष्मा लावून आले.

“मोजणी कधी झाली हिची?”

“झालीच नव्हती, अण्णा. नद्या आणि अक्षांश धरून हद्दी सांगितल्यात.”

“म्हंजे चतुःसीमा लिहून दिल्या न् विकली. म्हणून तुझे आकडे जुळंनात.” मग हिरव्या कागदावर बोट ठेवून, “कब्जात कोण हाय?”

मी कंपन्यांची नावं वाचायला लागले, तर त्यांनी हात हलवला. “ती खरेदीदारांची झाली. कागदावर नाव कुणाचं ते मागनं बघू. जमिनीवर कोण हाय, कसतंय कोण?”

क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ, चेरोकी हे इथले मूळ रहिवासी. त्यांची गावं, त्यांची शेतं, त्यांची शिकारीची रानं. आमच्या नकाशावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हिरवा कागद जणू मोकळ्या जमिनीचा. दक्षिणेकडच्या पट्ट्यावर स्पेनचाही दावा होता, तो ऑक्टोबर १७९५च्या तहापर्यंत सुटला नव्हता. अण्णांनी लेकीला शेजारी बसवून चारही नावं हिरव्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावली. कंपन्यांची नावं बारीक, कडेला.

८ फेब्रुवारी

१७९५-९६ला चार-चार इंच पुरत नाहीत. खाली स्वतंत्र फळी केली, दोरीने वरच्या कालपटाला जोडून. तेरा महिन्यांचा क्रम असा: जानेवारी १७९५ला कायदा ऑगस्टा शहरात मंजूर, तेव्हा राज्याची राजधानी तिथे. जॅक्सन फिलाडेल्फियात. त्याच वर्षी सिनेटचा राजीनामा, ‘सिसिलियस’ या टोपणनावाने वृत्तपत्रांत पत्रं, गावोगावी लोक पेटलेले. निवडणूक, जॅक्सन विधिमंडळात, चौकशी समितीच्या प्रमुखपदी. १३ फेब्रुवारी १७९६ला नवे गव्हर्नर जॅरेड अर्विन यांची विक्री रद्द करणाऱ्या कायद्यावर सही, तीही नव्या राजधानीत, लुइसव्हिलला. दोनच दिवसांत नव्हे तर त्याच दिवशी जॉर्जिया मिसिसिपी कंपनीने आपली सुमारे एक कोटी दहा लाख एकर जमीन न्यू इंग्लंडच्या खरेदीदारांना विकून टाकली, एकरी सुमारे दहा सेंटने. बातमी पोचायच्या आत.

ही ओळ अण्णांना वाचून दाखवली तर ते बराच वेळ हसत होते. त्यांच्या नोकरीतली एक हकीकतही सांगितली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग दहन. त्याच फेब्रुवारीत लुइसव्हिलच्या विधिमंडळासमोर जुन्या कायद्याची कागदपत्रं समारंभाने जाळली. दप्तरातूनही नोंदी काढून टाकल्या. आख्यायिका अशी की साधी आग या पापाला पुरेशी पवित्र नाही म्हणून भिंगाने सूर्याकडून, ‘स्वर्गातून’ अग्नी आणला. लेकीने लगेच ठरवलं की हे करून बघायचं.

१५ फेब्रुवारी

घरातल्या वाचायच्या भिंगाने फक्त ऊब आली. दहा सेंटिमीटर व्यासाचं भिंग १४ डॉलरला आणलं. जुने कागद चिंध्यांपासून करत, म्हणून चित्रकलेचा सुती कागद घेतला, त्यावर काळ्या शाईने चार ओळी लिहिल्या. पाण्याची बादली, काळे चष्मे, भिंग मोठ्या माणसाच्याच हातात. मुलांना भिंग देऊन आत चहा करायला जाऊ नका.

सकाळी ऊन तिरपं, उपयोग नाही. दुपारी बाराच्या सुमारास काम झालं, तरी जॉर्जियात या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांच्या आतच. पांढऱ्या कागदावर ठिपका कितीही बारीक केला तरी थोडा पिवळेपणा. काळ्या अक्षरावर ठिपका आणला की लगेच धूर! अक्षर जळतं, भोक पडतं, भोकाची कड लाल होते आणि विझते. ज्वाळा काही येईना. मध्येच ढग आला की सगळं पहिल्यापासून.

शेवटी नवऱ्याने कापूस काजळून काळा केला, त्यावर ठिपका धरला. तो धुमसायला लागल्यावर हलकी फुंकर, वर वाळलेलं गवत, मग कागद. पेटला. म्हणजे भिंगाने आग होते, पण आधी काजळलेला कापूस हवा आणि आभाळ निरभ्र हवं. आख्यायिका खरी की खोटी हे यातून ठरत नाही; फळीवर तिच्याखाली ‘आख्यायिका’ असंच लिहिलंय. अक्षरांच्या जागी भोकं पडलेला तो सुती कागद फळीवर लावला. बाकी कशापेक्षा लोक त्याच्यासमोर जास्त थांबणार, हे आत्ताच दिसतंय.

२२ फेब्रुवारी

लुइसव्हिलला जाऊन आलो. अटलांटाहून अडीच तासांच्या आसपास. गाव छोटं आहे. राजधानी इथे दहा-अकरा वर्षंच होती, मग मिलेजव्हिलला गेली. मिलेज म्हणजे पोटनिवडणुकीतला तोच मिलेज. गावात यझू दहनाची पाटी आहे, तिचा फोटो घेतला. गावाच्या मधोमध जुना लाकडी बाजारमंडप अजून उभा आहे, अठराव्या शतकाच्या अखेरचा. इतर मालाबरोबर तिथे गुलामांचीही विक्री व्हायची. त्याचाही फोटो घेतला, तेव्हा कुठल्या चिठ्ठीला लावायचा हे ठरलं नव्हतं.

१ मार्च

ठरलं. आज निळी लोकर काढली.

आतापर्यंतच्या चिठ्ठ्या वाचल्या तर जॅक्सन म्हणजे भ्रष्टाचाराचा कर्दनकाळ. जानेवारी १७९०मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या कर्जरोख्यांच्या योजनेवर बोलताना त्याने सभागृहात सांगितलं होतं की पंधरवड्यात तीन जहाजं न्यूयॉर्कच्या बंदरातून सट्ट्यासाठी निघाली आहेत, लांबच्या राज्यांतल्या गरिबांकडून रोखे स्वस्तात उचलायला. मुलांना पाठ करायला छान.

पण महिनाभरातच, फेब्रुवारी १७९०मध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज आणले आणि पेन्सिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अर्ज बेंजामिन फ्रँकलिनच्या सहीने आला. तेव्हा गुलामगिरीच्या बाजूने सगळ्यात चढा आवाज याच जॅक्सनचा. धर्मग्रंथाचा आधारही घेतला. फ्रँकलिन तेव्हा चौऱ्याऐंशीचा, अंथरुणाला खिळलेला. त्याने मार्चमध्ये वृत्तपत्रात एक पत्र लिहिलं: जॅक्सनचं भाषण वाचून मला अल्जियर्सच्या एका मंत्र्याचं शंभर वर्षांपूर्वीचं भाषण आठवलं. त्या मंत्र्याच्या तोंडी नेमके जॅक्सनचेच युक्तिवाद, फक्त गुलाम ख्रिस्ती आणि मालक मुसलमान. भाषण अर्थातच फ्रँकलिनने रचलेलं. पुढच्याच महिन्यात तो वारला.

शाळेतून सुचवणी आली की लहान मुलं येणार, हा भाग नको. आम्ही ठेवला. याच माणसाच्या प्रभावाखाली झालेल्या १७९८च्या राज्यघटनेत आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी आहे, आणि मालकाच्या संमतीशिवाय विधिमंडळाने गुलाम मुक्त करू नयेत हेही त्याच घटनेत आहे. दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहिलं. १८०४मध्ये लुइझियानात गुलाम नेण्यावर बंधनं घालायच्या प्रस्तावांना त्याने सिनेटमध्ये विरोध केला. १७९०च्या क्रीकांबरोबरच्या न्यूयॉर्क तहावरही तो तुटून पडला होता, कारण त्यात जॉर्जियाने हक्क सांगितलेली जमीन क्रीकांकडे राहत होती.

या सगळ्या चिठ्ठ्या निळ्या लोकरीने जोडल्या. निळी लाल लोकरीला सगळीकडे छेदत जाते, वेगळी काढून कोपऱ्यात ठेवता येत नाही. बाजारमंडपाचा फोटो निळीवर लागला.

८ मार्च

कागद कमी पडला. १८०६ला माणूस संपतो, प्रकरण संपत नाही.

गव्हर्नर असताना (१७९८ ते १८०१) त्याने यझूची खूण जिथे दिसेल तिथून पुसायचा चंग बांधला होता. रॉबर्ट वॉटकिन्सने राज्याच्या कायद्यांचा संग्रह १८००मध्ये छापला, त्यात यझूचा रद्द झालेला कायदाही होता, म्हणून जॅक्सनने तो संग्रह स्वीकारायला नकार दिला. वॉटकिन्सशी तो आधीच द्वंद्वात उतरलेला होता. मग मार्च १८०१ला गव्हर्नरपद सोडून तो सिनेटला गेला, आणि जागा कुणाची मिळाली? जेम्स गनची. ही एक गोष्ट लेकीने स्वतः, दोन याद्या शेजारी ठेवून शोधली. मी तरी कुठल्या लेखात ठळकपणे वाचली नव्हती.

२४ एप्रिल १८०२ला बाल्डविन, मिलेज आणि जॅक्सन या तिघांनी जॉर्जियाच्या वतीने पश्चिमेची जमीन संघराज्याला दिली, साडेबारा लाख डॉलरला. करारात संघराज्याचं एक वचन होतं: जॉर्जियाच्या उरलेल्या हद्दीतला मूळ रहिवाशांचा हक्क संघराज्य आपल्या खर्चाने संपवून देईल. हे वचन जॉर्जिया पुढे तीस वर्षं वसूल करत राहिली. निळी लोकर इथून कागदाच्या बाहेर जाते.

आणि न्यू इंग्लंडचे खरेदीदार? मूळ कागद जाळला, पण जमीन पुढे विकली गेलेली. रॉबर्ट फ्लेचरने जॉन पेककडून १५ हजार एकर ३ हजार डॉलरला घेतले आणि त्याच्यावरच दावा लावला. १८१०ला सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला: विक्री हा करार होता, विधिमंडळाला तो मोडता येत नाही. राज्याचा कायदा संघराज्याच्या घटनेविरुद्ध म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याचं हे पहिलं उदाहरण, आणि तो कायदा जॅक्सनचा. अखेर १८१४मध्ये काँग्रेसने यझूच्या दावेदारांसाठी ५० लाख डॉलरपर्यंतची तरतूद केली.

अण्णांचं मत: “कागद जाळून फेरफार रद्द होत न्हाई.”

म्हणून कालपट १८१४पर्यंत वाढवला. आठ वर्षं, बत्तीस इंच. गुंडाळी होतीच, पण जोडाजवळ कागद सुरकुतला. डिंकाची कांडी नको, दुहेरी चिकटपट्टी वापरा. १८०६ला लाल लोकर तोडून गाठ मारली. पुढे फक्त चिठ्ठ्या आहेत, लोकर नाही.

१५ मार्च

प्रदर्शन. कालपट एकूण चौदा फूट, आम्हाला दिलेली भिंत त्याहून लहान. शेवटचा तुकडा कोपऱ्यात वळवून शेजारच्या भिंतीवर घेतला, तो नेमका जॅक्सनच्या मृत्यूनंतरचा भाग होता. अनेकांना वाटलं वेगळंच पोस्टर आहे. भिंतीची लांबी आधी विचारून घ्या.

चालत्या माणसांना दोन पट्ट्यांची युक्ती सांगावी लागली नाही. बहुतेकांनी लोकरीवर बोट फिरवत विचारलं की १७९५ला हा वर का गेला. लेकीचं उत्तर दुपारपर्यंत घोटून पक्कं झालं होतं: “घोटाळा राज्याच्या विधिमंडळात झाला होता, मग तो सिनेटमध्ये बसून काय करणार?” एका काकांनी वाद घातला की सिनेटर राहूनही त्याला दबाव आणता आला असता. तिने त्यांना गनची चिठ्ठी दाखवली. तो सिनेटर राहूनच दबाव आणत होता, दुसऱ्या बाजूने.

लहान मुलं भोकं पडलेल्या कागदाजवळ. मोठी माणसं नकाशाजवळ, निम्म्या महाराष्ट्राचा दर गुंठ्यावर काढत. निळ्या लोकरीजवळ गर्दी कमी होती, पण जे थांबले ते वेळ घेऊन वाचत होते. अँड्र्यू जॅक्सनबद्दल दिवसभर विचारणा झालीच.

२२ मार्च

खर्च: खाकी कागद १८, फोमबोर्ड २४, लोकर ५, चुकीचं चित्र ९, नकाशा दोनदा मिळून ६२, भिंग १४, सुती कागद ७, दुहेरी चिकटपट्टी ६. एकूण १४५ डॉलर, लुइसव्हिलचं पेट्रोल सोडून. चुकीचं चित्र, दुसरी छपाई आणि फोमबोर्डचे वाया गेलेले दोन ताव वगळले तर ९७मध्ये झालं असतं.

पुढच्या वर्षी एक कुटुंब जेम्स मन्रो घेणार आहे. त्यांना उरलेली लोकर आणि भिंग दिलं. मन्रो आधी सिनेटर, मग व्हर्जिनियाचा गव्हर्नर, मग १८११ला पुन्हा गव्हर्नर, आणि मध्ये फ्रान्समध्ये राजदूत. त्याला दोन पट्टे पुरणार नाहीत, परदेशाचा तिसरा सुरुवातीलाच आखा म्हणून सांगितलंय. वर्षाला चार इंचही जास्त होतील, तीनच ठेवा.